चालत्या गाड्याला लेटेस्ट खीळ

‘लेटेस्ट’ या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. हा शब्द ज्या ज्या वेळी आमच्या घरात शिरला, त्या त्या वेळी घरातली एक तरी चालती वस्तू बंद पडलेली आहे. पाटा-वरवंटा जाऊन लेटेस्ट मिक्सर आला आणि तो ऐन दिवाळीत बसला. तोवर पाटा शेजारणीने धुणं धुवायला नेलेला होता. वाळ्याच्या ताट्यांचा खडखडणारा कूलर काढून लेटेस्ट कूलर आणला. हा मुळीच खडखडत नसे. वाराही देत नसे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर बसलेला असताना बिनआवाजाच्या कूलरपुढे बसणं काय असतं ते इथल्या माणसालाच विचारा. आमच्या उशाला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, पण त्याचा धूर तेवढा आमच्या वाट्याला नियमित येतो.

असो. कूलरचं दुःख एकट्याचं असतं. आज ज्या लेटेस्टविषयी भांडायला बसलो आहे त्याने माझ्याबरोबर दीडशे बायाबापड्यांना उन्हात बसवलं.

आधी थोडं स्वतःविषयी. १९९८ साली, सन २००० उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बुद्धी गमावणार अशी आवई उठलेली असताना, आमच्या बँकेने मला नागपूरला कॉम्प्युटरच्या वर्गाला धाडलं. माझी निवड गुणांवर झाली नव्हती. बाकीच्यांच्या घरी लग्नं होती. तिथे मी सी ही भाषा शिकलो. जग काही बुडालं नाही, पण माझ्या अंगात सी भिनली. लिनक्सचीही ओळख तिथलीच. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या कारभाराचा गाभा लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला, हे ऐकल्यावर ‘फुकट’ या शब्दाला ज्यांचे कान टवकारले त्यांत मी पुढे होतो. त्या गाभ्याभोवती बाकीची भांडीकुंडी रचून काही मंडळी तयार संसार थाटून देतात, त्याला ‘वितरण’ म्हणतात. मी असंच एक वितरण घेतलं. कोणतं ते सांगत नाही. घरातली भांडणं नावानिशी चव्हाट्यावर मांडू नयेत.

२००४ साली मी कॉलनीच्या भिशीचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम लिहिला. पुढे गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या, तेव्हा धानोरा तालुक्यातल्या एका गावाच्या सचिवाने मला गाठलं. ‘सर, तुमच्या पोग्राममधी तेंदूचा हिशेब बसते का?’ मी म्हटलं, बसवू. भिशीच्या जागी फळी घातली, सभासदाच्या जागी मजूर घातला, आणि हप्त्याच्या जागी पुडे घातले. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. ज्याचे जितके पुडे तितकी मजुरी, त्यातून आधी घेतलेली उचल वजा. तेव्हापासून दर हंगामाच्या शेवटी मी लॅपटॉप काखोटीला मारून मूल, सावली करत वैनगंगा ओलांडतो, गडचिरोलीला चहा घेतो आणि दुपारपर्यंत त्या गावच्या समाजमंदिरात पोचतो. प्रोग्राम दहा-अकरा वर्षं चालला. दिसायला ओबडधोबड होता, पण चालत होता.

आता खलनायकाचा प्रवेश. हा माझा सख्खा भाचा आहे आणि पुण्यात असतो. २०२५ च्या मे महिन्यात तो आमच्याकडे आंबे खायला आला आणि मी दुपारचा लवंडलेला असताना त्याने माझा लॅपटॉप उघडला.

‘मामा, हे काय चालवतोस तू? हे केवढं जुनं आहे!’

‘पण चालतंय ना?’

‘चालतंय काय! मी तुला लेटेस्टवर नेऊन ठेवतो.’

वाचकहो, त्याने मला जिथे नेऊन ठेवलं त्या जागेचं खरं नाव लेटेस्ट नव्हे. वितरणवाल्यांनी तिच्या कपाळावर ठळक अक्षरांत ‘अस्थिर’ असं लिहून ठेवलं आहे. केवढा प्रामाणिकपणा! पुलाच्या तोंडाशी ‘पूल कमकुवत आहे’ अशी पाटी लावावी तसा. आमची मंडळी ती पाटी वाचतात, तिचं भाषांतर ‘लेटेस्ट’ असं करतात आणि मामाला पुलावर पुढे घालतात.

रात्रभर काहीतरी उतरत होतं, पडद्यावरून अक्षरांची मिरवणूक चालली होती. सकाळी लॅपटॉप सुरू झाला. अक्षरं बारीक आणि सुंदर दिसत होती. भाचा म्हणाला, ‘बघ!’ मी बघितलं, कौतुक केलं आणि दुसऱ्याच दिवशी गावाला निघालो. प्रोग्राम एकदा चालवून बघावा असं मनात आलं नाही. रोज ज्या खुर्चीवर बसतो तिचे पाय मोजून कोण बसतो?

समाजमंदिरात बाया बसल्या होत्या. पहाटे चारला जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी सावलीत पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. अशा दिवसांची मजुरी आज कागदावर उतरायची होती. यादी निघाली की सचिव ती बँकेत नेणार, मग पैसे खात्यावर. पुढे पेरणी होती, पोरांच्या शाळा होत्या. मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम सुरू केला.

सुरू झाला नाही. एक ओळ आली: मला हवी ती लायब्ररी सापडत नाही. या लायब्रऱ्या म्हणजे अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायची सामायिक भांडी. नव्या संसारात माझ्या मापाचं जुनं पातेलं मोडीत काढून त्याच कामाचं नवं, वेगळ्या नंबरचं पातेलं आणलेलं होतं. जुनं झाकण त्यावर बसेना.

‘सर, चालून नाही राहिलं का?’ सचिवाने विचारलं.

‘चालेल. पुन्हा बांधून घेतो,’ मी म्हटलं. माझ्याकडे मूळ लिखाण होतं. ते कंपायलरकडे द्यायचं, की तो नव्या भांड्यांच्या मापाने प्रोग्राम पुन्हा घडवून देतो.

हा कंपायलर म्हणजे दुभाष्या. त्या गावात एखादा साहेब आला की तो मराठीत बोलतो आणि गावातला कुणीतरी ते गोंडीत सांगतो. साहेबाचं वाक्य अर्धवट राहिलं तरी दुभाष्या ते सांभाळून पुरं करतो. माझा जुना कंपायलर असाच भला गृहस्थ होता. लेटेस्टबरोबर आला तो व्याकरणाचा मास्तर निघाला. त्याने माझ्या लिखाणात एकतीस चुका काढल्या आणि काम करायला साफ नकार दिला.

त्यातल्या दोन तऱ्हा सांगतो. पहिली अशी, की मी प्रोग्रामातल्या काही कामांची आधी ओळख न करून देताच त्यांना राबवत होतो. पंगतीत पाहुणा बसवायचा आणि हा कोण, कुठला, काय खातो हे वाढप्याला सांगायचंच नाही, तसं. खरं म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने ही सवय बंद केलेली होती. पण जीसीसी हा कंपायलर, जो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली पहिल्यांदा जगापुढे ठेवला, तो बराच काळ मुद्दाम विचारलं तरच हा दोष सांगे. २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून तो न विचारता कुरकुरू लागला. मे २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीत त्याने कुरकुर सोडली आणि दारच लावून घेतलं.

दुसरी तऱ्हा जास्त झोंबणारी. माझ्या प्रोग्रामात खरं म्हणजे काय आणि खोटं म्हणजे काय याची व्याख्या मी २००४ सालीच माझ्या हाताने लिहून ठेवली होती. सगळेच तसं करत. एप्रिल २०२५ च्या पंधराव्या आवृत्तीपासून जीसीसी सी भाषेचं नवं मानक आपोआप धरून चालतो, आणि त्यात ‘खरं’ व ‘खोटं’ हे शब्द भाषेने स्वतःकडे घेतले आहेत. त्यांची व्याख्या आता खाजगी माणसाने करायची नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यावर खरंखोटं ठरवण्याचा एवढाच अधिकार माझ्याकडे उरला होता, तोही गेला.

गावात नेटवर्क नव्हतं. बॅटरी एकोणीस टक्क्यांवर होती. दीडशे बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. असली तर सवय होती. शहरातून आलेली वस्तू ऐन वेळी बंद पडते, हे त्यांनी माझ्याआधी पुष्कळ वेळा बघितलेलं होतं.

शेवटी वह्या आल्या. गावातल्या दहावी-बारावी झालेल्या चार मुली जमिनीवर बसल्या आणि पुडे गुणिले दर, वजा उचल, असा हिशोब हाताने सुरू झाला. रात्री नऊ वाजले. मुलींचे आकडे मी तपासत होतो. एकीचा हिशोब चालू असताना ती मावशी हळूच म्हणाली, ‘मागच्या साली माझे पैसे कमी आले होते जी. तुमची मशीन बोलली तेवढेच भेटले.’

मला ती आठवली. मागच्या वर्षीही ती हेच म्हणाली होती. आणि मी तिला हसून सांगितलं होतं, ‘मशीन चुकत नाही, बाई. पुडे मोजताना तुमचंच काही राहिलं असेल.’

दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा भाचा पुण्याला परतला होता. फोन केला. तो खो खो हसला आणि म्हणाला, ‘मामा, घाबरतोस काय! कंपायलरला एक स्विच दे. मी १९८९ च्या सी मध्ये लिहितोय असं सांग त्याला. गप्प बसेल.’ तो स्विच दिला. कंपायलर खरोखरच गप्प बसला. पंधरा मिनिटांत प्रोग्राम पूर्वीसारखा चालायला लागला. म्हणजे दीडशे जणींची दुपार आणि संध्याकाळ एका स्विचसाठी गेली, आणि तो पुण्यात एकाला ठाऊक होता!

इथे माझा लेख संपायला हवा होता. ‘लेटेस्ट वाईट, जुनं ते सोनं’ असं म्हणून तुमच्या टाळ्या घेऊन मी खाली बसलो असतो. पण ती मावशी डोक्यातून जाईना. मागच्या वर्षीची यादी काढली, तिचा हिशोब कागदावर केला आणि प्रोग्रामचा आकडा शेजारी ठेवला. सहाशे चाळीस रुपयांचा फरक आला. बाई बरोबर होती.

मग तो स्विच काढून टाकला आणि मास्तरापुढे निमूट बसलो. एकेका कामाची रीतसर ओळख करून देत गेलो: हे उचल वजा करतं, याला दोन आकडे लागतात. मास्तर लगेच म्हणाला, ‘दोन लागतात ना? मग अमुक ओळीत एकच का दिलास?’ एकाच मजुराच्या दोन वेगळ्या नोंदी आल्या तर चालणारी ती आडवळणाची ओळ होती. तिथे दुसरा आकडा द्यायला मी विसरलो होतो, आणि प्रोग्राम त्या जागी आधीच्या हिशोबातलं जे काही उरलेलं असेल ते उचलत होता. दुसऱ्याच कुणाची उचल या मावशीच्या मजुरीतून कापली गेली होती. ओळख करून न दिल्यामुळे जुना दुभाष्या काहीच विचारू शकत नव्हता. जे काही तो कुरकुरत होता तेही मी ऐकत नव्हतो, कारण सगळ्या इशाऱ्यांचं तोंड बंद करणारा एक स्विच असतो, आणि तो मला नेमका ठाऊक होता.

पुढच्या ग्रामसभेत उभा राहून हे कबूल केलं. मागच्या सगळ्या याद्या पुन्हा तपासल्या. आणखी दोघींचे पैसे निघाले, ते दिले. मावशी म्हणाली, ‘मी बोलली होती ना जी.’ एवढंच.

तेव्हा लेटेस्टशी माझं भांडण आता थोडं नीट मांडतो.

नवा कंपायलर कडक झाला यात चूक नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे. अस्थिर आवृत्त्या नकोत असंही माझं म्हणणं नाही. डेबियन नावाचं प्रसिद्ध वितरण आहे. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात, आणि अस्थिर शाखेचं नाव कायमचं ‘सिड’ आहे, म्हणजे त्यातलं खेळणी मोडणारं शेजारचं पोरगं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते याच सिडवर काम करत होते. दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून ते मागे लागले, आणि ‘एक्सझेड’ नावाच्या साध्या आवळून बांधायच्या साधनात कुणीतरी लपवलेलं चोरदार त्यांना सापडलं. ते डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचण्याआधीच बंद झालं. म्हणजे मोडक्या पुलावर आपखुशीने चालणारी माणसं लागतात. त्यांना माझा नमस्कार.

पण ते आपल्या पायांनी चालले होते. मामाला पुढे घालून नव्हे.

माझं भांडण आहे ते पाटी बदलणाऱ्यांशी. हा प्रकार नवा नाही. सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट लिनक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर २.९६ या क्रमांकाचा कंपायलर आला. जीसीसीच्या मंडळींना जाहीर सांगावं लागलं की या क्रमांकाची आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही. तो अर्ध्या कामाचा उतारा होता. खुद्द लिनक्सचा गाभा बांधायला त्याच पेटीत एक जुना कंपायलर वेगळ्या नावाने द्यावा लागला. हॉटेलच्या आचाऱ्याने स्वतःसाठी घरून डबा आणावा, तसंच नाही का हे? आणि ज्याच्या नावाने हा सगळा संसार चालतो त्या टोरवाल्ड्स यांचा गाभ्यापुरता नियम काय? वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम गाभ्यातल्या बदलाने मोडला, तर चूक बदल करणाऱ्याची, वापरणाऱ्याची नव्हे. माणूस तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण या एका नियमासाठी मी त्याला सगळे अपशब्द माफ करतो.

यावर भाचा म्हणतो, ‘मामा, असं जुन्याला धरून बसलास तर जग पुढे कसं जाईल?’ जाऊ दे ना पुढे. पण जायची एक रीत असते. धानोरा तालुक्यातच मेंढा-लेखा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. २००९ साली त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार आला. तिथे अभ्यासगटात विषय घोळवतात, ग्रामसभेत मांडतात, आणि सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय करत नाहीत. एकाला पटलं नाही तर थांबतात. याला वेळ लागतो. पण त्या गावाला कुणी मागासलेलं म्हणून बघावं! उलट सगळा देश त्यांच्याकडे शिकायला जातो. बरं, तुमचं डेबियनही याहून वेगळं काय करतं? अस्थिरमधून चाचणीत, चाचणीतून गोठवून स्थिरात. दोन-दोन वर्षं घोळवतात, तेव्हा कुठे ‘घ्या’ म्हणतात. बनवणाऱ्यांना धीर आहे. भाच्यांना नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नव्याची परीक्षा ज्याला घ्यायची त्याने ती आपल्या यंत्रावर, आपल्या सुट्टीत आणि आपल्या मजुरीवर घ्यावी. ज्या यंत्रावर दुसऱ्याचं पोट आहे त्याला हंगामात हात लावू नये. पावसाळ्यात लावावा, त्या माणसांना विचारून लावावा, आणि जुना संसार शेजारी जागता ठेवून लावावा. आणि माझ्यासारख्या जुन्या खोडांसाठीही एक कलम आहे. प्रोग्राम वीस वर्षं चालला एवढ्यावरून तो बरोबर ठरत नाही. मावशी सांगत होती, कंपायलर सांगत होता. दोघांचं तोंड मी बंद केलं होतं, एकाचं स्विचने आणि दुसरीचं हसून.

आता लॅपटॉप पुन्हा स्थिर आवृत्तीवर आहे. प्रोग्राम नव्या व्याकरणाने लिहून काढला. नवा मास्तरही त्यात बोट दाखवत नाही. गावातल्या त्या चार मुलींपैकी दोघी सी शिकतायत. हंगामात वह्या मात्र शेजारी असतात, आणि मावशीचा हिशोब मी दोनदा करतो.

भाचा पुढच्या महिन्यात येतो आहे. आंबे भरपूर आहेत. लॅपटॉप मी शेजारणीकडे ठेवायचा म्हणतोय, त्या पाट्यावर.